आठ सेकंदांत हरवलेली माणसं

चेन्नईच्या इलियट्स बीचवर कार्ल श्मिट स्मारक आहे. १९३० मध्ये बुडणाऱ्यांना वाचवताना जीव गमावलेल्या डॅनिश खलाशाचं. तिथे सकाळच्या उन्हात मी एनडी फिल्टर वापरून पाहिला. हा फिल्टर म्हणजे लेन्सचा काळा चष्मा. दहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश सुमारे हजार पटीने कमी करतो. १/१२५ सेकंदाचं एक्स्पोजर ८ सेकंदांचं होतं.

आधी फोकस करा, तो मॅन्युअलवर ठेवा, मगच फिल्टर लावा. नंतर नीट दिसत नाही. ट्रायपॉडचे पाय वाळूत घट्ट रोवा.

फोटो आला. स्मारक लख्ख, लाटांचं धुकं झालेलं. छानच! पण लाटांशी पळापळी खेळणारी पोरं, फेरफटका मारणारे आजी-आजोबा, सगळे गायब. आठ सेकंदांत कुणी एका जागी थांबलंच नव्हतं. माणसं वाचवणाऱ्याच्या स्मारकाजवळून मी माणसंच पुसली होती.

मग सहा स्टॉपचा फिल्टर लावला. एक्स्पोजर अर्धा सेकंद. पाण्याच्या रेघा उमटल्या. माणसं धूसर, पण होती.

तेव्हा फिल्टर निवडताना पाणी कसं दिसेल हे नंतर बघा. आधी ठरवा, फोटोत कोण राहायला हवं?