तीन कोपेकचं अंकलिपीचं पुस्तक

आज आम्ही तुम्हाला युक्रेन देशातल्या तारास शेवचेन्को या कवीची गोष्ट सांगणार आहोत. तिकडे त्याला राष्ट्रकवी मानतात. पण 1814 साली तो जन्मला तो भूदासाच्या घरात. भूदास म्हणजे जमीनदाराच्या मालकीची माणसं. शेत विकलं की माणसंही त्याबरोबर विकली जायची.

नऊ वर्षांचा असताना आई गेली, अकराव्या वर्षी बाप. पुढे मालकाच्या घरी हरकाम्या झाला. रात्री मेणबत्तीच्या उजेडात चित्रं काढताना सापडला, म्हणून मार खाल्ला. त्याचा हात बघून पीटर्सबर्गच्या चित्रकारांनी त्याला सोडवायचं ठरवलं. ब्र्युलोव्ह या मोठ्या चित्रकाराने एक चित्र काढलं, त्यावर सोडत ठेवली आणि 1838 साली 2500 रूबल मोजून त्याला मोकळं केलं. माणसाची किंमत पावतीवर! दोन वर्षांनी त्याचं ‘कोबझार’ हे कवितांचं पुस्तक आलं.

त्याची एक कथाकविता आहे, मोलकरणीची. लग्नाआधी मूल झालेली हान्ना आपलं बाळ एका निपुत्रिक म्हाताऱ्या जोडप्याच्या दारात ठेवते, आणि वर्षभराने त्याच घरी कामाला येते. बाळाला न्हाऊमाखू घालते, मोठं करते, पण ‘मी तुझी आई’ हे शेवटच्या घटकेलाच मुलाला सांगते. गटाच्या बैठकीत आम्ही ही गोष्ट सांगितली, तर बराच वेळ कुणी बोललंच नाही. बाईला फसवणारा मोकळा आणि बोल मात्र बाईलाच, हे त्याने पुन्हा पुन्हा लिहिलं.

झारविरुद्ध लिहिल्यामुळे 1847 मध्ये त्याला साधा शिपाई करून दूर पाठवलं. लिहायला आणि चित्रं काढायला बंदी, हा शेरा खुद्द झारने स्वतःच्या हाताने मारला. हा गडी मात्र चिमुकल्या वह्या बुटात लपवून लिहीतच राहिला. दहा वर्षांनी सुटला.

शेवटी शेवटी त्याने काय केलं? रविवारच्या शाळांमध्ये शिकणाऱ्या गोरगरिबांसाठी त्यांच्याच भाषेत अक्षरओळखीचं पुस्तक तयार केलं. त्यात पाढे होते, म्हणी होत्या. 10,000 प्रती स्वतःच्या खर्चाने छापल्या, किंमत फक्त तीन कोपेक. आम्हाला तर त्याच्या सगळ्या पुस्तकांत हेच जास्त जवळचं वाटतं. 10 मार्च 1861 ला तो गेला. भूदासांच्या सुटकेचा जाहीरनामा पीटर्सबर्गमध्ये वाचला गेला तो त्यानंतर आठवड्याने.