तक्त्यात न लिहिलेलं



विषय जरा भारदस्त आहे: तर्कशास्त्र आणि डेटाबेस यांची सांगड. घाबरू नका, आपण एसटीने जाऊ.

थेट गाड्यांचा एक तक्ता डोळ्यांपुढे आणा. एका रकान्यात गाडी कुठून सुटते ते, दुसऱ्यात ती कुठे जाते ते. समजा, सावंतवाडी–कोल्हापूर, कोल्हापूर–पुणे, पुणे–नाशिक. माहिती अशी तक्त्यांत मांडावी आणि तक्त्यांवर गणिती क्रिया करून उत्तरं काढावीत, हा विचार आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. बँकांचे कितीतरी व्यवहार आज त्यावर चालतात. एकदा गाडी बदलून कुठे पोचता येईल? तक्ता त्यालाच जोडा, उत्तर हजर. दोनदा बदलून? पुन्हा जोडा. पण ‘कितीही वेळा बदलून’ म्हटलंत की कॉड यांचं बीजगणित हात टेकतं. आहो आणि उलमन या संगणकशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ते सिद्धच करून दाखवलं.

तर्कशास्त्राला मात्र दोन वाक्यं पुरतात. ‘अ’हून ‘ब’ला थेट गाडी असेल, तर पोचता येतं. ‘अ’हून ‘ब’ला थेट गाडी असेल आणि ‘ब’हून ‘क’ला पोचता येत असेल, तर ‘अ’हून ‘क’लाही पोचता येतं. पोचणं पोचण्यातूनच सांगितलंय, सारी ताकद त्यात आहे. १९७७ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ इथे गालेर, मिंकर आणि निकोला यांनी तर्कशास्त्रवाल्यांना आणि डेटाबेसवाल्यांना एकत्र बसवलं. पुढे या विचारातून डेटालॉग ही भाषा घडली: खाली तक्ते, वर नियम.

मला विचाराल, तर या विद्येचा खरा कस लागतो तो नकारात. सावंतवाडी–नाशिक थेट गाडी आपल्या तक्त्यात नाही. म्हणून ती नाहीच, असं म्हणायचं का? म्हणायचं, असं संगणकशास्त्रज्ञ रेमंड रायटर सांगतात. जे नोंदलेलं नाही आणि नोंदींवरून सिद्धही होत नाही, ते खोटं धरा; त्यांनी याला ‘बंद जगा’चं गृहीतक म्हटलं. आपल्याकडच्या भाट्ट मीमांसकांनी तर अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाणच मानलं होतं: जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. (नैयायिकांना ते वेगळं प्रमाण मंजूर नव्हतं; त्या भांडणात आज शिरत नाही.) मात्र अनुपलब्धी ‘योग्य’ हवी, म्हणजे घट असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधारात न दिसणं हा कसला पुरावा? महामंडळ स्वतःच्या गाड्या स्वतः नोंदतं, तिथे उजेड आहे. दवाखान्यातल्या केसपेपरवर पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद नसेल, तर कदाचित कोणी विचारलंच नसेल. तिथे हेच गृहीतक जिवावर बेतू शकतं. कोणता तक्ता पुरता भरलेला आहे, हे यंत्राला आपणच सांगावं लागतं. मोठमोठी ज्ञानभांडारं उभी करण्याच्या उत्साहात नेमकं हेच राहून जातं.

आता वेगाचं. मला फक्त सावंतवाडीहून निघायचं असेल, तर महाराष्ट्रातल्या सगळ्या जोड्या कशाला काढायच्या? १९८६ मध्ये बान्सिलों, मायर, सगीव आणि उलमन यांनी ‘मॅजिक सेट्स’ची युक्ती मांडली: प्रश्न पाहून नियमच असे बदलून घ्या की कामाच्या ओळीच तयार व्हाव्यात. ही युक्ती वापरणाऱ्या, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात घडलेल्या ‘कोरल’ या प्रणालीच्या कामात रघू रामकृष्णन आणि दिवेश श्रीवास्तव यांच्यासोबत एस. सुदर्शन होते, जे पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेच्या १९९९च्या मानकात असे स्वतःलाच हाक मारणारे प्रश्न आले, आणि ‘कितीही वेळा बदलून’ सर्वसाधारण डेटाबेसलाही विचारता येऊ लागलं.

शेवटी एक अडचण सांगतो. कोल्हापूर–पुणे गाडी उद्या बंद झाली, तर तिच्या आधारावर काढलेले निष्कर्ष कोणते पुसायचे? सावंतवाडी–पुणे कदाचित साताऱ्यामार्गेही सिद्ध होत असेल. गुप्ता, मुमिक आणि सुब्रह्मण्यन यांनी १९९३ मध्ये दिलेलं उत्तर मला फार आवडतं. त्या गाडीचा स्पर्श झालेले सगळे निष्कर्ष आधी बेधडक पुसायचे. मग उरलेल्या ओळींवरून दुसऱ्या वाटेने जे सिद्ध होतात, तेवढे परत लिहायचे.