पस्तीस उंट आणि आपला वाटा



आमच्या अभ्यासवर्गात आठवीतली एक मुलगी यायची. भाषेच्या तासाला पुढे, गणिताच्या तासाला थेट दाराजवळ. फळ्यावर अपूर्णांक दिसला की हिची वही मिटली! एकदा विचारलं, तर म्हणाली, "आपा, मला काय करायचंय गणित? घरातले हिशोब भाईजान बघतात."

त्या दिवशी मी फळा पुसला आणि गोष्ट सांगायला बसले. गोष्ट 'द मॅन हू काउंटेड' या पुस्तकातली. मूळ पुस्तक पोर्तुगीज, १९३८ सालचं. लेखकाचं नाव छापलंय मल्बा ताहान. पण हे टोपणनाव. खरे लेखक ब्राझीलमधले गणिताचे शिक्षक, झूलिओ सेझार द मेलो इ सौझा. पुस्तकाचा नायक बेरेमिझ समीर बगदादला निघालाय. सोबत एक मित्र आणि दोघांत मिळून एकच उंट.

वाटेत तीन भाऊ भांडताना दिसतात. वडिलांनी ३५ उंट ठेवलेत. थोरल्याला निम्मे, मधल्याला एक तृतीयांश, धाकट्याला एक नवमांश. एकाचाही वाटा पूर्ण येत नाही. उंट कापायचा कसा? बेरेमिझ मित्राचा उंट त्यांत मिसळतो. झाले ३६. थोरल्याला १८, मधल्याला १२, धाकट्याला ४. प्रत्येकाला हक्कापेक्षा थोडं जास्तच मिळालं. बेरीज मात्र ३४! उरले दोन. एक मित्राचा परत, दुसरा बेरेमिझचं बक्षीस.

वर्गात गलका झाला. "आपा, यात फसवणूक आहे!" आणि दाराजवळून प्रश्न आला, "पण ज्यादा उंट आला कुठून?"

मी उत्तर दिलं नाही. चिंचोके दिले. मुलांनी ढीग मांडले, मोडले. शेवटी तीच मुलगी फळ्यापाशी आली. २, ३ आणि ९ यांचा लसावि १८. म्हणजे वाटे झाले ९, ६ आणि २. बेरीज १७. वडिलांनी अठरापैकी सतराच भाग वाटले होते. एक भाग कुणालाच दिला नव्हता. जादू वगैरे काही नव्हती, वाटणीतच त्रुट होती.

गणिताचं चांगलं बालपुस्तक हेच करतं. नुसती रंगीत चित्रं टाकून कडू गोळी गोड करत नाही. प्रश्न मुलाचा स्वतःचा करतं. जर्मन कवी हान्स माग्नुस एन्झेन्सबर्गर यांचं 'द नंबर डेव्हिल' (१९९७) असंच आहे. गणिताचा तिटकारा असलेल्या रॉबर्टच्या स्वप्नात बारा रात्री एक आकड्यांचा सैतान येतो आणि त्याच्याशी हुज्जत घालत घालत पोरगा शिकतो.

आता आपल्याविषयी. अल-ख्वारिज्मीचं नाव आपण अभिमानाने घेतो. नवव्या शतकात बगदादमध्ये लिहिलेल्या त्याच्या ग्रंथातल्या 'अल-जब्र'वरून 'अल्जिब्रा' शब्द आला, हे सांगतो. पण त्याच ग्रंथाचा मोठा भाग वारसा आणि वसीयतीच्या हिशोबांचा आहे, हे किती जणांना माहीत असतं?

एक उदाहरण घ्या. वडील वारले. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली. प्रचलित हनफी वारसा कायद्याप्रमाणे पत्नीला एक अष्टमांश; उरलेल्यात मुलाला दोन भाग, प्रत्येक मुलीला एक. घराचे ३२ भाग करा: आईचे ४, मुलाचे १४, मुलींचे ७-७. हा कायदा न्याय्य आहे का, यावर जरूर वाद घालू. पण जिला ३२ पैकी ७ म्हणजे किती हेच कळत नाही, तिच्यापुढे कागद सरकवून "इथे सही कर" म्हणणं फार सोपं असतं. मिळायला हवा तेवढाही वाटा ती मागू शकत नाही. दाराजवळ बसलेल्या मुलीची मला काळजी वाटते ती यासाठी.

म्हणून एक विनंती. आपापल्या मोहल्ल्यात रविवारी एक तास गणिताच्या गोष्टी मोठ्याने वाचा. पैशांची अडचण नको. पुण्याच्या आयुकामधल्या बालविज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकं मोफत मिळतात. मूठभर चिंचोके घरातले. उत्तर सांगायची घाई करू नका. आणि मुलींना पुढे बसवा.

ती मुलगी नंतर गणितात पहिली वगैरे आली नाही. पण दाराजवळची जागा तिने सोडली. परवा घरच्या किराणा बिलातली चूक तिने काढली, तर म्हणे भाईजानने ते बिल दोनदा तपासलं. चूक खरीच होती.