गांवगाड्याबाहेरचें ज्ञान

गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गांवोगांव हिंडणाऱ्या कित्येक जमातींजवळ एक ठेवा असे, जो झडती घेणाऱ्या शिपायाच्या हातीं लागत नसे. तो म्हणजे त्यांची आपसांतील सांकेतिक बोली. भर बाजारांत दोघांनीं चार शब्द बोलावे आणि शेजारीं उभ्या असलेल्या माणसाला त्यांतील एकाचाहि अर्थ लागूं नये, अशी तिची घडण. अशा बोलींचा ज्या थोड्या मराठी संशोधकांनीं अभ्यास केला, त्यांत छत्रपति संभाजीनगरचे डॉ. प्रभाकर मांडे (१९३३-२०२३) यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. तेथील विद्यापीठांत मराठीचें अध्यापन करतां करतां त्यांनीं भटक्यांच्या जीवनाचा मागोवा घेतला. ‘गावगाड्याबाहेर’ हा ग्रंथ त्यांतून निघाला, आणि गुप्त भाषांवर तर त्यांनीं एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

परंतु गुप्त भाषा ग्रंथांत छापली कीं ती गुप्त राहत नाहीं! ही गोष्ट विनोदाची वाटेल. ब्रिटिश अमलांतील १८७१ च्या कायद्यानें ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, त्यांना ती तशी वाटली नसती. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. तोंवर हजेरीच्या जाचांत बोली हाच त्यांचा आडोसा. ती न लिहावी, तर शेवटच्या म्हातारीबरोबर जाणार. लिहावी, तर परक्याच्या हातीं पडणार. झाडपाल्याच्या औषधांचेंहि तेंच. मांडे यांच्यासारख्यांनीं लेखणी उचलली, तें योग्यच झालें. मात्र काय सांगावें आणि काय राखावें, हें कोणीं ठरवावयाचें?

याचें एक उत्तर चलच्चित्रानें दिलें. १९६७ सालीं कॅनडांतील फोगो बेटावर कॉलिन लो यांनीं मच्छिमारांचीं चित्रणें केलीं व तीं आधीं त्यांनाच दाखविलीं. ज्याला आपलें बोलणें नको वाटेल, त्याला तें वगळण्याची मुभा होती. पुढची पायरी म्हणजे कॅमेराच त्यांच्या हातीं देणें, आणि तिचें उदाहरण फार दूर नाहीं. १९५६ पर्यंत औरंगाबादेबरोबर एकाच हैदराबाद राज्यांत असलेल्या जहिराबादेजवळ पस्तापूर नांवाचें गांव आहे. तेथील डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या गांवोगांवच्या संघांतील शेतकरी स्त्रिया चित्रणाची कला शिकल्या. बहुतेक दलित, कित्येक निरक्षर. बीं कसें निवडावें, राख व निंबाचा पाला घालून कणग्यांत कसें टिकवावें, भरड धान्याबरोबर कोणतें कडधान्य पेरावें, हें ज्यांच्या हातांत होतें त्यांनींच तें टिपलें. चित्रण कोणत्या उंचीवरून करावें, यालाहि त्यांनीं आपलीं नांवें दिलीं. वरून खालीं पाहणारी दृष्टि ती जमीनदार पटेलाची. खालून वर पाहणारी ती गुलामाची. आणि समोरासमोर, डोळ्यांशीं डोळा भिडवून घेतलेलें चित्र तें संघाचें. चित्रकलेच्या शाळांतून ही परिभाषा निपजली नसती.

जमातींतूनच निघालेला संशोधक महाराष्ट्राला नवा नव्हे. महादेव कोळी समाजांत जन्मलेले डॉ. गोविंद गारे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक होते. त्यांचें साधन लेखणी. आजच्या तरुणाच्या खिशांत कॅमेरा असतो. धोका मात्र कमी झालेला नाहीं, उलट वाढला आहे. पुस्तक कपाटांत तरी पडून राहतें. चित्रण एकदां हातचें सुटलें कीं घटकेंत देशभर होतें. म्हणून केवळ साधन देऊन भागत नाहीं, तें आवरतें घेण्याचा अधिकारहि द्यावा लागतो.

अजिंठ्याच्या डोंगररांगांत, कन्नड-सोयगांवाकडे, भिल्लांच्या वस्त्या आहेत. तेथला एखादा नातू उद्यां आपल्या आजाच्या मागोमाग रानांत जाईल. आजा मूळ खणील, तें कशावर उगाळून द्यावयाचें तेंहि सांगेल, आणि मग म्हणेल, “पोरा, मूळ दाखव, पण जागा दाखवूं नको.” त्या क्षणीं कॅमेरा बंद करण्यासाठीं त्याला कोणाला विचारावें लागणार नाहीं.