पेटीबाहेरचं सफरचंद

(मंडळाच्या माघी गणेशजयंती स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२६ मध्ये केलेले भाषण)



कार्यवाहांनी "दहा मिनिटं बोला" म्हटलं तेव्हा मी जरा घाबरलोच. मी पडलो डिप्लोमावाला इंजिनिअर. रूळ, गिट्टी, बोगदा यांवर तासभर बोलेन, पण ऐकणार कोण? शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, "जेवणावर बोला. प्रसाद होईपर्यंत निदान लोक जागे तरी राहतील." म्हणून आजचा विषय आहे आमचं बडगामचं स्वयंपाकघर.

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. लोकांना वाटतं, आंबेवाल्यांची पोरं रोज हापूस खातात. मंडळी, तसं काही नसतं. हापूस पेटीत जायचा आणि पेटी वाशीला. घरात यायचे ते रायवळ, वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या आणि डागी फळं. त्यांतूनच आई कैरीची आमटी करायची, पिकल्या रायवळांचं मोहरी फेसून रायतं करायची. पावसाळ्यात फणसाच्या आठळ्या. पेटीतल्या आंब्याला हात लावला की वडील नुसतं बघायचे. तेवढं पुरे व्हायचं.

पुढे रेल्वेच्या कामानिमित्त काश्मिरात आलो. सुरुवातीची काही वर्षं आम्ही काय केलं? सुट्टीवरून येताना पोतंभर सामान आणलं. कोकम, गोडा मसाला, कुळथाचं पीठ, पोहे. क्वार्टरच्या मागे सफरचंदाची बाग, पण आमच्या घरात सफरचंद म्हणजे पाहुण्यांपुढे बशीत चिरून ठेवायची वस्तू. शिजवायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

२०२१ साली वडील गेले आणि आईला इकडे घेऊन आलो. तिला भाषा येत नव्हती, थंडी सोसत नव्हती. त्यात तिचं जेवण तुटलं. दोन घास खायची आणि ताट सारायची. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. मलाच अपराधी वाटायचं, की म्हातारपणी हिला आपण कुठे आणून टाकलं.

सप्टेंबर अखेरची गोष्ट. घरातलं कोकम संपलं होतं. शेजारच्या बागवाल्या घरातल्या काकींनी वाडगाभर भाजी पाठवली. आईने भाताशी कालवून घास घेतला आणि थांबली. "सूनबाई, ह्यात आंबट काय घातलंय?" आंबट होतं ते सफरचंद. वांग्याबरोबर शिजवलेलं. त्याला इथे चूंठ वांगुन म्हणतात. झाडाखाली पडलेली, पेटीत न जाणारी फळं काकी घरात वापरतात, हे कळल्यावर आई म्हणाली, "म्हणजे ह्यांचंही आपल्यासारखंच. चांगलं पेटीत, पडलेलं घरात." त्या दिवशी तिने पोटभर भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी दोघी बागेत फळं वेचायला! ही मालवणीमिश्रित मराठीत बोलते, त्या काश्मिरीत. अडत काहीच नाही.

आता भगिनींसाठी कृती सांगतो. लांबट वांगी उभी चिरायची. सफरचंद आंबट आणि कडक हवं. साल ठेवायची, बिया काढायच्या, जाड फोडी करायच्या. मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवून वांगी आणि फोडी वेगवेगळ्या तळून घ्यायच्या. उरलेल्या थोड्या तेलात हिंग, मग पाण्यात कालवलेलं काश्मिरी तिखट, पाणी, मीठ, बडीशेपेची पूड आणि सुंठपूड. उकळी आली की आधी वांगी, मग सफरचंद. मंद आचेवर पाणी आटवायचं. डाव घालून ढवळू नका, भांडंच हलवा, नाहीतर लगदा होतो. हा अनुभव माझा स्वतःचा आहे.

आईने पुढची पायरी गाठली. तुरीच्या आमटीत कोकमाच्या जागी दोन-चार आंबट फोडी, आणि गूळ निम्मा, कारण फळाची स्वतःची गोडी असते. हाख आता आमच्याकडे आठवड्यातून तीनदा होतो. मोहरीचं तेल, मिरच्या, हिंग, पाणी, मीठ, बस्स. झाकण मात्र ठेवायचं नाही, म्हणजे पानं हिरवी राहतात. नवलकोल इथे पाल्यासकट शिजवतात. आपण मुंबईला तो पाला फेकून देत होतो!

बाहेर चिल्ले कलानची थंडी पडली आहे. आमच्या खिडकीत दुधी, वांगी आणि टोमॅटो यांच्या उन्हाळ्यात वाळवलेल्या फोडींच्या माळा आहेत. त्या बघून आईला आमसुलांचं वाळवण आठवतं.

मागच्या वर्षीचं एक सांगून थांबतो. २०२५ च्या ऑगस्ट अखेरीस पावसाने महामार्ग खचला आणि ऐन हंगामात सफरचंदाचे ट्रक दिवसेंदिवस अडकले. काकींच्या घरचा मालही त्यात होता. वर्षाची कमाई ट्रकमध्ये सडत होती आणि त्या घरात चूल जेमतेम पेटत होती. आईने त्यांच्या घरी आमटी-भात पाठवला. त्यांच्याच झाडाचं आंबट घालून केलेली आमटी! १३ सप्टेंबरला बडगामहून दिल्लीच्या आदर्श नगरसाठी सफरचंदाची पार्सल गाडी सुरू झाली. काकींच्या उरलेल्या पेट्या पुढे त्या गाडीने गेल्या. सगळं नुकसान काही भरून निघालं नाही. पण गाडी सुटताना आई फलाटावर हात जोडून उभी होती. वाशीला पेट्या रवाना करताना वडील असेच उभे राहायचे. इतकी वर्षं मी रुळांची मापं घेतली, पण ह्या रुळांवरून कुणाच्या घरचं काय जातं ते मला त्या दिवशी कळलं.

म्हणून मंडळी, गोडा मसाला गावाहून जरूर आणा. मीही आणतो. पण भाजी शेजारच्या बागेतली शिजवा, आणि ती कशी शिजवायची हे शेजारणीलाच विचारा. आज प्रसादाच्या मोदकांत खोबरं नाही, इथल्या अक्रोडाचं आणि गुळाचं सारण आहे. ते वळणारी आमची आई पहिल्या रांगेत बसली आहे. गोड कमी वाटलं तर तक्रार तिच्याकडे करा, माझ्याकडे नको!

गणपती बाप्पा मोरया!