नवख्याची नाव आणि ओहोटी

रायपूरजवळील उरल्याहून समुद्र शेकडो मैल दूर. खारुण नदीच ज्याने पाहिली, असा प्रवासी मालवणनजीकच्या देवबागेत एकट्याच्या कयाकमध्ये बसतो, तेव्हा भितो तो लाटांना. वास्तविक कर्लीच्या खाडीत लाटा फारशा नसतात; नवख्याचा खरा वैरी ओहोटी. दिवसातून दोनदा पाणी खाडीच्या मुखातून समुद्राकडे धावते. पहाटेचा मतलई वाराही त्याच दिशेचा. फळीवर उभे राहून वल्हवणाऱ्याचे तर शरीरच शीड बनते! वारा वाढताच त्याने गुडघ्यांवर बसावे हे बरे. ओहोटीत निघणाऱ्याने आधी प्रवाहाविरुद्ध, खाडीच्या वरच्या अंगास वल्हवावे. मग दमलेल्या हातांना परतताना पाणीच साह्य करते. जाकिटाचे बंद मात्र किनाऱ्यावरच आवळावेत.