दोन रांगा आणि एक प्रश्न
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागल्या रविवारी आपण सभागृहाच्या भिंतीवर चादर ताणून ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट पाहिला आणि प्रसंगाप्रसंगाला थांबवून त्यावर बोललो. ज्यांची त्या दिवशी पाळी होती त्यांच्यासाठी ते पुन्हा सांगते.

फ्रिट्झ लांग यांचा हा चित्रपट बर्लिनला १० जानेवारी १९२७ रोजी प्रथम दाखविला गेला. कथा त्यांच्या तेव्हाच्या पत्नी थेआ फॉन हार्बू यांची. या बाईंनी पुढे आपल्या बेळगावकडच्या आयी तेंडुलकरांशी विवाह केला, हे सांगताच जी कुजबुज झाली ती थांबवायला मला बराच वेळ लागला! पुढे त्या नाझी पक्षातही गेल्या. तेही लपविता कामा नये.

प्रथम भोंगा होतो, पाळी बदलते. एक रांग आत जाते, एक बाहेर येते. मी चित्र थांबवून विचारले, “दोन रांगांत फरक काय?” ज्यांचे यजमान पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झाले, त्या आपल्या एक आजी पटकन म्हणाल्या, “बाहेर येणाऱ्यांची पावलं निम्म्यानं पडताहेत.” अगदी तेच! चाकणच्या बसमधून पहाटे उतरणाऱ्या आपल्या मुली-सुनांची चाल आठवा.

मग हेलचा प्रसंग. हेल ही शहराच्या मालकाची पत्नी. मुलगा फ्रेडर याला जन्म देताना ती वारली. तिच्यावर प्रेम करणाऱ्या शास्त्रज्ञाने तिच्या जागी यंत्राची बाई घडविली. अमेरिकेत हा सगळा धागाच कापला, कारण हेल हे नाव इंग्रजीतल्या नरकासारखे दिसते! त्यामुळे बाईचे यंत्र कशासाठी केले हेच प्रेक्षकांना कळेना. तो कापलेला भाग २००८ साली ब्वेनोस आयरेसला सापडलेल्या प्रतीत मिळाला. म्हणजे आई ऐंशी वर्षे कथेबाहेर राहिली.

परंतु आपण सर्वांत जास्त थांबलो ते पुराच्या प्रसंगाशी. यंत्राच्या बाईने चिथावलेले कामगार, बायकाही, यंत्रे फोडतात आणि त्यांच्याभोवती नाचतात. खाली त्यांच्याच वस्तीत पाणी शिरते. तेव्हा त्यांचा मुकादम ओरडून विचारतो, मुले कुठे आहेत? मूकपट असूनही तो प्रश्न ऐकू येतो. सभागृहात कोणी बोलेना.

मग मीच बोलले. माझी मुलगी चार वर्षांची असताना आम्हा दोघांची दुसरी पाळी एकाच आठवड्यात आली. बदलून मागितली, मिळाली नाही. मुलीला कुलपात ठेवून गेले. त्याच रात्री पवनेचे पाणी चाळीच्या पायरीला लागले. शेजारच्या काकूंनी कडी तोडून तिला माळ्यावर नेले होते. मी आले तेव्हा ती झोपलेली होती. हे मी कोणाला सांगितले नव्हते.

शेवटी मालक आणि मुकादम हात मिळवितात. लांग यांना स्वतःलाही हा शेवट पुढे पटला नव्हता. मलाही पटत नाही. पाळी किती तासांची, मुले कोणाजवळ, हे त्या हस्तांदोलनात कोठेच नाही. त्यावर आपल्यात वाद झाला. एक भगिनी म्हणाल्या की हात मिळाल्यावर बाकीचे ठरविता येते. असेल.

त्या वादातूनच दुसऱ्या पाळीच्या आयांची मुले मंडळाच्या खोलीत रात्री सांभाळण्याची कल्पना निघाली. आठवड्यातून एक रात्र देऊ शकणाऱ्या भगिनींसाठी वही दाराशी ठेवली आहे. त्या काकूंनी पहिले नाव आपले घातले आहे.